शेवयांचा पाट

(बंगळूर, १९६२. चिकपेटेत कपडे शिवण्याचं दुकान असलेल्या मल्हाररावांच्या घराचं मागचं अंगण, वैशाखातली दुपार. त्यांची बायको सगुणाबाई आणि विधवा बहीण तानूबाई. दोघींच्या मधे, भिंतीला टेकवलेला पुरुषभर लांबीचा लाकडी पाट.)

सगुणाबाई : चाट म्हणते ना. जीभ लाव आणि चाट.

तानूबाई : अगं वहिनी, वेड लागलंय का तुला? या वयात पाट चाटायला लावतेस मला? शेजारच्या अक्कानं गच्चीवरून बघितलं तर काय म्हणेल?

सगुणाबाई : काल कॉटनपेटेच्या मंडळींनी माझ्या घरात बसून खारट खीर खाल्ली, तेव्हा कोण काय म्हणेल ते नाही सुचलं तुला? आपल्या धाकट्याला, नंदकिशोरला, मुलगी सांगून आलेली. माणसं पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आलेली. आणि त्या म्हातारीनं पहिला घोट घेतला नि तोंड असं केलं, असं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं बाई.

तानूबाई : साखर समजून मीठ पडलं असेल. होतं गं. वय झालं आपलं.

सगुणाबाई : तुझं झालं असेल. साखर माझ्या हातानं घातली मी. चाखून बघितली, गोड होती. शेवया पडल्या आणि बिघडली. मग डब्यातली शेवई कच्चीच मोडून तोंडात टाकली. मिठाचा खडा! म्हणून आज पाट काढून उन्हात ठेवला. बघ, घटकाभरात वर पांढरं फुटलं. शेवया करायला बसले त्या दिवशीही असंच पांढरं होतं. मी मूर्ख, मला वाटलं मागचं पीठ वाळलंय. त्याच्यावरच शेवया वळत बसले मी. ते पीठ नव्हतं, वन्सं. चाट, म्हणजे कळेल.

तानूबाई : राहू दे. खारट आहे ते माहीत आहे मला.

सगुणाबाई : हां! आता आलीस वाटेवर.

तानूबाई : मद्रासची हवाच तशी आहे गं. पद्मावतीच्या घरात तर दाराच्या कड्यासुद्धा खारटतात. दरवर्षी लेकीकडे शेवया करायला पाट नेते मी, चार आठवडे तिथं राहतो तो. लागत असेल हवा.

सगुणाबाई : हवेनं वाळू शिरते का फटीत? ही बघ. हवेनं मेण लागतं का? नखानं खरवडलं तर हे एवढं निघालं. दोऱ्याला लावायचं मेण हे, आपल्या दुकानातलं. तुझे अण्णा दुकानातल्या त्या बिचाऱ्या रघुजी कारागिराला रोज फाडून खातात, मेण जातं कुठं म्हणून. आणि हे पुढचं टोक? माझ्या आईनं फणसाच्या फळीचा चांगला चौकोनी करून घेतला होता पाट, मला द्यायला म्हणून. टोक गोल कसं झालं? तर म्हणे उंदरानं कुरतडलं. चिकपेटेतले उंदीर रंधा मारायला कधी शिकले गं?

तानूबाई : वहिनी, संध्याकाळी गाडी आहे माझी.

सगुणाबाई : माहीत आहे. बोचकं बांधून झालंय, चटणीची बरणी भरून झालीय, सगळं बघतेय मी. पण पाट घराबाहेर पडणार नाही. माळ्यावर टाकीन, नाहीतर बंबात घालीन. खरं सांगायचं असेल तर सांग.

तानूबाई : ओरडणार नाहीस?

सगुणाबाई : ओरडेन. सांग.

तानूबाई : समुद्रात नेते मी त्याला.

सगुणाबाई : धुवायला?

तानूबाई : नाही गं. त्याच्यावर पालथी पडते. मागून लाट आली की लाटेबरोबर काठापर्यंत येते. मग परत आत जाते. परत येते.

सगुणाबाई : पुन्हा सांग.

तानूबाई : ऐकलंस ते बरोबर ऐकलंस.

सगुणाबाई : माझ्या आईच्या शेवयांच्या पाटावर?

तानूबाई : हं.

सगुणाबाई : तू? जिना चढताना अर्ध्यात बसून घेणारी तू? गुडघ्याला एरंडाचं पान बांधून झोपणारी तू?

तानूबाई : तिथं गुडघ्याला कामच नाही ना! पालथं पडायचं, हात मारायचे, पुढचं पाणी बघतं. जमिनीवर म्हातारी आहे मी, कबूल. पाण्यात कुणी वय विचारत नाही.

सगुणाबाई : हे थेर शिकवले कुणी तुला?

तानूबाई : शिकवलं कुणी नाही. पद्मावतीच्या पहिल्या बाळंतपणाला गेले होते बघ. रात्री मूल रडायचं, पहाटे जरा वारं खायला मैलापूरच्या समुद्रावर जायची. तिथं एक म्हातारा कोळी. तोंडात दात नाही. जाळं ओढून झालं, बायको मासे घेऊन बाजारात गेली. मला वाटलं आता हा घरी जाऊन पडेल. तर फुटक्या होडीची फळी घेतली नि पुन्हा पाण्यात! लाटेवरून येतोय, काठाला लागला की एकटाच हसतोय, पुन्हा चाललाय. काम नाही धाम नाही, नुसती मजा. बघतच राहिले मी. घरी आले तर कोपऱ्यात तुझा पाट उभा. तेवढाच लांब, तेवढाच रुंद.

सगुणाबाई : आणि तुला लाज नाही वाटली?

तानूबाई : वाटली ना. दोन दिवस वाटली. तिसऱ्या दिवशी काष्टा घट्ट मारला आणि गेले. नाकातोंडात पाणी गेलं, पाट एकीकडे, मी एकीकडे. पण बुडाले नाही. हात आपोआप चालले. तू शिकवलेले हात.

सगुणाबाई : माझं नाव काढू नकोस.

तानूबाई : तुझंच नाव आलं मनात, त्याला मी काय करू?

सगुणाबाई : किती वर्षं चाललंय हे?

तानूबाई : पद्मावतीचा थोरला आता शाळेत जातो.

सगुणाबाई : म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या लेकीसाठी रवा दळून देतेय, बारीक चाळणीनं चाळून देतेय, आणि तू तिकडे...

तानूबाई : शेवयाही करते गं! पहिले दोन दिवस शेवया, मग समुद्र.

सगुणाबाई : तरीच. मद्रासहून आलीस की महिनाभर गुणगुणत असतेस. भांडी घासताना गुणगुणतेस, काजं करताना गुणगुणतेस. पाठ ताठ. झोप कशी, तर गाढ. मी म्हणायची, लेकीच्या घरचं सुख. मला लेक नाही, दोन्ही मुलगेच, म्हणून मी आपली गप्प बसायची. देवापाशी म्हटलंय मी, वन्सांना तेवढं तरी सुख आहे, असू दे. आणि सुख होतं कुठलं, तर हे!

तानूबाई : रागावलीस?

सगुणाबाई : लाट कशी असते?

तानूबाई : काय?

सगुणाबाई : बहिरी झालीस का? लाट अंगाखाली येते तेव्हा कसं वाटतं, ते विचारतेय.

तानूबाई : कसं सांगू... आधी काहीच नसतं. कमरेएवढ्या पाण्यात पाट धरून उभं राहायचं, मागं वळून बघत. मोठी लाट माझी नव्हे, ती तरुण पोरांची. ती जाऊ द्यायची. बुटकी, लांबट, सावकाश येणारी असते ना, ती माझी. ती आली की पाटावर पडायचं नि हात मारायचे, जोरात. आणि मग मागून कुणीतरी उचलतं, वहिनी. वडील कसे काखेत हात घालून उचलायचे, तसं. आणि मग पळवतं! कानात नुसता आवाज. मी ओरडते तेव्हा. खरंच ओरडते, काय ओरडते ते मलाच माहीत नाही. आणि वाळूवर जाऊन लागते, लुगड्यात सगळी वाळू, आणि हसत सुटते त्या म्हाताऱ्यासारखीच.

सगुणाबाई : पुरे.

तानूबाई : तूच विचारलंस.

सगुणाबाई : पुरे म्हटलं ना! आणि मेण कशाला?

तानूबाई : ओला पाट फार घसरतो. मेण घासलं की अंग चिकटून राहतं. मागच्या खेपेला गुडघ्यांवर उठले मी. थोडा वेळच, पण उठले. यंदा उभी राहणार आहे.

सगुणाबाई : उभी! तू! माझ्याबरोबर माहेरी यायचीस, तेव्हा आनेकलच्या विहिरीत पायरीवरून पाण्यात उतरायला थरथरायचीस. पाठीला भोपळा बांधला तरी माझ्या गळ्याला मिठी मारायचीस, मला घेऊन बुडायची वेळ. मी उंच दगडावरून सूर मारायची, खालचा गाळ मुठीत घेऊन वर यायची, आणि तू काठावर बसायचीस माझं कोरडं लुगडं मांडीवर धरून. आणि आता तू उभी राहणार!

तानूबाई : तू होतीसच तशी. मासळी होतीस.

सगुणाबाई : होते. आणि कुणामुळे सुटलं माझं पाणी? बोल ना. दोन उन्हाळे खपून तुला पोहायला शिकवलं मी. भोपळा सोडला त्या दिवशी किती नाचलीस. आणि घरी आल्याबरोबर तुझ्या आईच्या मांडीवर बसून काय म्हणालीस?

तानूबाई : दहा-अकरा वर्षांची होते गं मी.

सगुणाबाई : काय म्हणालीस?

तानूबाई : मला पोहता येतं. वहिनीनं शिकवलं.

सगुणाबाई : वहिनीनं शिकवलं. झालं! सासूबाईंनी मला आत बोलावलं. ह्या घरची सून चार पुरुषांदेखत विहिरीत उड्या मारत नसते. आणि माझ्या मुलाच्या कानावर हे जाता कामा नये. संपलं. त्यानंतर एकाही उन्हाळ्यात मला आनेकलला पाठवलं नाही. माझी आई गेली तेव्हा गेले, ती दहाव्याला. हा पाट तेवढा आणला तिथून.

तानूबाई : मी काही मुद्दाम...

सगुणाबाई : मुद्दाम नव्हतं, ठाऊक आहे मला. म्हणून तर तुला कधी बोलले नाही. पण ऐक आता. जळते मी तुझ्यावर, वन्सं. काल खीर नासली त्याचं काही नाही, होईल दुसरी सोयरीक. पण तू लाटेवरून येतेस, ओरडतेस, हसतेस, आणि मी इथं नळाखाली बादली लावून बसलेय, ह्यानं जळते. माझी विद्या, माझ्या आईचा पाट, आणि मजा तुझी! विधवा झालीस आणि मोकळी झालीस. मला नवरा आहे, म्हणून मी बादलीपाशी. असं बोलू नये, जीभ झडेल माझी, पण येतंय मनात.

तानूबाई : वहिनी...

सगुणाबाई : हात लावू नकोस. आज सांगणार आहे मी ह्यांना.

तानूबाई : असं नको करूस. पाया पडते तुझ्या. अण्णाला कळलं तर मला पुन्हा मद्रास दिसायचं नाही. त्याच्या घरात राहते मी, त्याचा शब्द कसा मोडू? आणखी किती वर्षं होणार आहे माझ्यानं? खांदे दुखतात आताच. आणखी दोन-चार वर्षं, फार तर. तेवढी दे मला. वर्षभर मी त्याच्यावरच जगते गं. काजं करताना, भांडी घासताना, डोळ्यांपुढे तेच असतं.

सगुणाबाई : माझ्या डोळ्यांपुढे काय असतं, ते विचारलंस कधी?

मल्हारराव : अगं, माझा चष्मा बघितलास का? दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय, माप घ्यायचं नि आकडे दिसेनात. अय्यो, हा पाट मधेच का उभा केलाय? आणि दोघींची तोंडं अशी का?

तानूबाई : चष्मा कोनाड्यात असेल. आणते मी, अण्णा.

सगुणाबाई : थांब. कुठं पळतेस? विचारा तुमच्या बहिणीला, काल खीर खारट का झाली.

मल्हारराव : का झाली?

सगुणाबाई : ह्या पाटावर पालथ्या पडून वन्सं मद्रासच्या समुद्रात लाटांवरून घसरतात. दरवर्षी. शेवया म्हणून नेतात आणि हे करतात. पाट मिठानं मुरलाय. आणि तुमचं मेणही ह्याच्यावरच गेलं, रघुजी बिचारा फुकट शिव्या खातोय. घ्या. सांगितलं.

मल्हारराव : स्वल्प थांब. कोण घसरतं?

सगुणाबाई : तुमची तानू.

मल्हारराव : तानू, ही काय बोलतेय?

तानूबाई : खरं बोलतेय, अण्णा.

मल्हारराव : समुद्रात? ह्या वयात? लोकांसमोर?

तानूबाई : पहाटे असते मी. कोळ्यांशिवाय कुणी नसतं.

मल्हारराव : कोळ्यांशिवाय! आणि काही झालं असतं तर? मद्रासहून तार आली असती, तुमची बहीण शेवयांच्या पाटावरून वाहून गेली म्हणून, तर मी समाजात काय सांगायचं होतं? भवानीच्या देवळात चार माणसं मला मान देतात. काल त्या कॉटनपेटेवाल्यांपुढे मान खाली गेली, ती ह्यासाठी? मला वाटलं कुणी करणी केली. दोन लिंबं उतरून टाकली मी मूर्खानं!

तानूबाई : चुकलं माझं.

मल्हारराव : सरी, बरं. मग झालं. मद्रास बंद. पद्मावतीला वाटलं तर ती येईल इथं, तिचंच घर आहे. पाट माळ्यावर टाका. विषय संपला. चष्मा द्या माझा.

तानूबाई : सरी, अण्णा. बोचकं सोडते मी. वहिनी, चटणीची बरणी परत फडताळात ठेवू का?

सगुणाबाई : मला काय विचारतेस? ठेव कुठं ठेवायची ती.

तानूबाई : आणि पद्मावतीला तार करायला सांगावं लागेल कुणाला तरी. ती स्टेशनवर येईल उद्या, दोन्ही मुलांना घेऊन.

सगुणाबाई : अशी रडं दाबून उभी राहू नकोस! रडायचं असेल तर रड ना सरळ.

तानूबाई : नाही रडत. तू म्हणाली होतीस सांगणार म्हणून, सांगितलंस.

मल्हारराव : पण एक कळत नाही मला. आपल्या घरात पाण्याचं कुणाला काही नाही. सात पिढ्या ह्या पेठेत. धर्मांबुधी तळं होतं जवळ, त्याचंही आटून मैदान झालं. मला स्वतःला कळशीभर पाण्याची भीती वाटते. तुला पोहायला कोणी शिकवलं, तानू?

तानूबाई : तिथल्याच एका कोळणीनं.

सगुणाबाई : काय?

तानूबाई : कोळणीनं, अण्णा. मैलापूरच्या. फार चांगली बाई आहे. तिनंच हात धरून शिकवलं. दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही.

सगुणाबाई : कोण कोळीण?

तानूबाई : वहिनी, तू गप्प बस. आहे एक. तू नाही ओळखत तिला.

सगुणाबाई : खोटारडे! कोळणीचं नाव घेतेस? दोन उन्हाळे तुझ्या पोटाखाली हात धरून मी उभी राहिले, गार पाण्यात ओठ निळे होईपर्यंत, आणि शिकवलं कोळणीनं? अहो, मी शिकवलं हिला. मी! आनेकलच्या विहिरीत, भोपळा बांधून. पाण्यात तिचा एक हात जरी सरळ पडत असेल ना, तर तो माझा आहे!

तानूबाई : कशाला बोललीस गं? सांभाळून घेत होते मी ह्या वेळेला.

सगुणाबाई : नको मला तुझं सांभाळणं. ज्याचं त्याला दे.

मल्हारराव : थांबा, थांबा. सगुणा, तुला पोहता येतं?

सगुणाबाई : येतं म्हणजे? पंचक्रोशीत माझ्यासारखा सूर मारणारी मुलगी नव्हती. मुलगे पैज लावायचे नि हरायचे. आमचे बाबा काठावर उभे राहून माणसांना सांगायचे, ही माझी मुलगी.

मल्हारराव : इतकी वर्षं संसार केला आपण. मला बोलली नाहीस कधी.

सगुणाबाई : तुम्ही विचारलंत कधी? जेवण झालं का, काजं झाली का, बटणं लावलीस का. ह्याच्यापलीकडे काय विचारलंत मला? आणि सासूबाईंनी बजावलं होतं, तुमच्या कानावर जाता कामा नये. नाही जाऊ दिलं.

मल्हारराव : आई मला म्हणायची, सूनबाईला आनेकलचं ऊन सोसत नाही. म्हणून उन्हाळ्यात माहेरी पाठवत नाही तिला.

सगुणाबाई : ऊन?

मल्हारराव : हां. मी दुकानातही सांगायचो सगळ्यांना. आमच्या घरची नाजूक आहे, तिला ऊन सोसत नाही. वैशाखात तुझ्यासाठी वाळ्याचे पडदे आणायचो. दरवर्षी.

सगुणाबाई : ते पडदे त्यासाठी होते?

मल्हारराव : मग कशासाठी?

सगुणाबाई : मला वाटायचं, दुकानात उरतात म्हणून आणता.

मल्हारराव : वाळ्याचे पडदे कपड्याच्या दुकानात कसे उरतील, सगुणा?

तानूबाई : अण्णा, हा घे चष्मा. गिऱ्हाईक थांबलं असेल.

मल्हारराव : थांबू दे त्याला. कुठं जातोय, त्याचा कोट माझ्याकडे आहे. एक सांग, तानू. लाटेत काष्टा सुटत नाही का?

तानूबाई : एकदा सुटला होता. पद्मावती धावत आली कोरडं लुगडं घेऊन. ती बसलेलीच असते वाळूवर, माझं लुगडं मांडीवर धरून, मला शिव्या देत.

मल्हारराव : सुटणारच. पाण्याची ओढ मागून येते. नुसतं खोचून कसं भागेल? कमरेला आतून जाड पट्टी घ्यायला पाहिजे, आणि मागच्या खोचणीला दोन हूक. अडकवलं की बसलं, मग कितीही ओढ. आणि काठ दुमडून टाके घालायला हवेत, नाहीतर पायात येतो. मेणाच्या दोऱ्यानं. मेण शिल्लक ठेवलं असशील तर.

तानूबाई : आहे थोडं. अण्णा, म्हणजे मी...

मल्हारराव : मी काही म्हटलेलं नाही. मी शिलाईबद्दल बोलतोय. कुठलं लुगडं नेतेस ते आण. गाडीला वेळ आहे अजून, मशीन रिकामंच आहे.

सगुणाबाई : वा! म्हणजे पुन्हा हिचंच. आत्ता तर बंद म्हणालात, माळ्यावर टाका म्हणालात, आणि आता हूक लावून देताय! मी काय केलंय कुणाचं? माझ्यासाठी वाळ्याचे पडदे आणि हिच्यासाठी समुद्र?

मल्हारराव : अगं, पण तू काही मागितलंसच नाहीस.

सगुणाबाई : मागतेय. हिचं राहू द्या बाजूला. आधी माझं घ्या शिवायला. ते जांभळं इरकल, पेटीत सगळ्यात खाली आहे.

मल्हारराव : तू जाणार?

सगुणाबाई : का, मला ऊन सोसणार नाही?

मल्हारराव : आणि इथं मी नि नंदू जेवायचं कुठं?

सगुणाबाई : खानावळीत. आणि रघुजीला चांगलं जेवू घाला एक दिवस, फार बोललात त्याला.

मल्हारराव : सरी. इरकल म्हणजे कापड जाड, मोठे हूक लागतील. आणा लवकर.

तानूबाई : वहिनी, मी यंदा उभी राहायचं म्हणत होते. पाट एकच आहे गं.

सगुणाबाई : माझ्या आईचा आहे. आधी मी. तू काठावर बस माझं कोरडं लुगडं धरून, विहिरीवर बसायचीस तशी.